कच्चं काम आणि लोकांची पक्की मतं

मुंबईत लपून काही सुरू करता येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चाळिशीतल्या माणसाने पेटी शिकायला घेतली की त्याचे अडखळते सारेगम अख्ख्या मजल्याला ऐकू जातात. वन रूम किचनमध्ये कोणी रात्री अभ्यासाला बसलं तर दिवा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि सकाळी चहाबरोबर प्रश्न येतो, "या वयात परीक्षा कसली देतोयस?" दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घ्यायच्या ठरवल्या तर पहिला घाणा कढईतून बाहेर पडण्याआधीच शेजारच्या काकूंना वासावरून सगळं कळलेलं असतं. काम अजून कच्चं असतं आणि त्यावरची मतं मात्र पक्की होऊन येतात.

मला ही अडचण साधी वाटत नाही. आत्मविश्वासाबद्दल मानसशास्त्राला जे ठाऊक आहे, त्यातला सगळ्यांत उपयोगी भाग वेळेशी जोडलेला आहे. टीका किती कडक होती यापेक्षा ती कोणत्या टप्प्यावर आली आणि कुठे जाऊन लागली, यावर पुढचं बरंच ठरतं. त्यामुळे "लोकांचं मनावर घेऊ नकोस" हा सल्ला कितीही प्रेमाने दिला तरी अपुरा पडतो. माणूस मनावर घेतोच. ते काय आणि कधी घ्यायचं, याची व्यवस्था मात्र करता येते.

आधी आत्मविश्वास येतो कुठून ते पाहू. "तिच्यात आहे, माझ्यात नाही" असं आपण म्हणतो, जणू ती जन्मजात मिळालेली गोष्ट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये वेगळी मांडणी केली. "हे ठरावीक काम मला जमेल का?" याचा प्रत्येकाच्या मनात एक अंदाज असतो आणि तो कामागणिक बदलतो, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सहाला दादरहून विरार गाडीत सहज चढणारी बाई सोसायटीच्या सभेत चार वाक्यं बोलायला उभी राहिली की तिचे हात थरथरतात. दोन्ही ठिकाणी बाई तीच आहे. एका कामाचा तिला रोजचा सराव आहे, दुसऱ्याचा मुळीच नाही.

हा अंदाज चार गोष्टींवरून बनतो, असं बंडुरांनी दाखवलं. स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम, ही पहिली आणि सगळ्यांत वजनदार. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. तिसरी, लोक काय म्हणतात. चौथी, त्या वेळी आपलं शरीर काय सांगतं: छातीतली धडधड, कोरडा घसा, थकवा. म्हणजे लोकांची बोलणी हा चारातला एक भाग, आणि तोही पहिल्या क्रमांकाचा नाही. मग ती इतकी का लागतात?

कारण नवशिक्याकडे पहिला भाग रिकामाच असतो. ज्या आजीने चाळीस दिवाळ्या चकल्या तळल्या, तिला कोणी म्हणालं "यंदा बिघडल्या" तर ती म्हणेल, "भाजणी जाड दळून आली असेल." तिच्यापाशी चाळीस वर्षांचा पुरावा आहे, एका वाक्याने तो हलत नाही. पहिल्यांदा ऑर्डर घेणाऱ्या मुलीकडे पुराव्याच्या जागी काहीच नाही, म्हणून ती जागा दुसऱ्याचं वाक्य भरून काढतं. बंडुरांनी हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे: विश्वास पक्का होण्याआधी आलेलं अपयश जास्त नुकसान करतं. आणि नुसत्या शब्दांनी कुणाची उमेद टिकाऊपणे वाढवणं जितकं अवघड आहे, त्यापेक्षा शब्दांनी ती खच्ची करणं सोपं आहे.

त्यात आपल्या मनाची एक जुनी खोड भर घालते. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नाती, भावना, शिकणं, आठवणी अशा अनेक क्षेत्रांतलं संशोधन एकत्र तपासलं. वाईट अनुभव चांगल्यापेक्षा जास्त खोल जातो आणि जास्त टिकतो, हेच त्यांना जवळपास सगळीकडे दिसलं. दहा जणांनी "मस्त झालंय" म्हटलं आणि एकीने नाक मुरडलं, तर रात्री अंथरुणावर ती एकटीच आठवते. हा तुमचा हळवेपणा नाही. माणसाचं मनच असं घडलेलं आहे, आणि नवं काही करताना ते गृहीत धरूनच चालावं लागतं.

शिवाजी पार्कची एक गोष्ट मुंबईत सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा अर्थ बहुतेक वेळा अर्धाच घेतला जातो, असं मला वाटतं. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरने सांगितलं की रमाकांत आचरेकर सरांनी इतक्या वर्षांत त्याला कधीच "छान खेळलास" म्हटलं नाही. तो सुस्तावेल असं त्यांना वाटायचं. यावरून कितीतरी पालकांनी "पोरांचं कौतुक करायचं नाही" एवढाच धडा घेतला. पण सर करत काय होते ते पाहा. एक सामना संपला की त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, म्हणजे पुन्हा खेळायला मिळेल. नेटमध्ये यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं ते नाणं, आणि कोणालाच बाद करता आलं नाही तर सचिनचं. तोंडाने शाबासकी दिली नाही, पण पोराच्या हातात रोज पुरावा ठेवला. ते नाणं खिशात असलेल्या मुलाला "तू चांगला खेळतोस" हे कोणी सांगायची गरज उरत नाही, आणि "तुला जमणार नाही" हे कोणी म्हटलं तरी फारसा फरक पडत नाही. कौतुक रोखायचं आणि संधीही द्यायची नाही, याला आचरेकर सरांची पद्धत म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कौतुकाचीही एक बाजू सांगायला हवी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना "तू हुशार आहेस" म्हटलं, ती मुलं पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर जास्त खचली. ज्यांना "खूप मेहनत घेतलीस" म्हटलं, ती टिकून राहिली. म्हणजे माणसावर चिकटवलेलं कौतुकसुद्धा नंतर महागात पडू शकतं.

बोलणं कामावर पडतं की माणसावर

आता टीकेकडे येऊ. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये अभिप्रायावर तोवर झालेले प्रयोग गोळा केले. ६०७ परिणाम आणि २३ हजारांहून जास्त निरीक्षणं. सरासरी पाहिली तर अभिप्रायाने काम सुधारत होतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी बिघडलं होतं! त्यांनी दिलेलं कारण मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतं. अभिप्रायाने लक्ष कामाकडे वळलं तर फायदा होतो. लक्ष कामावरून उठून "मी कशी आहे, माझी लायकी किती" इकडे वळलं, की फायदा घटत जातो.

चकलीवरच पाहू. "बाहेरून लाल झाली पण आत मऊ राहिली, आच मोठी होती का?" ही टीका आहे. ऐकून वाईट वाटेल, पण पुढच्या घाण्याला काय करायचं ते त्यात आहे: आच कमी करा, एकेक चकली नीट तळू द्या. "अगं, तुझ्या हाताला चवच नाही" ही पण टीकाच, पण तिच्यात करण्यासारखं काही नाही. आच कमी करता येते, हात बदलता येत नाही. हे वाक्य ऐकल्यावर डोकं कढईतून उठतं आणि स्वतःकडे जातं. मग पुढचा घाणा खरंच करपतो, आणि म्हणणाऱ्याचं खरं झाल्यासारखं वाटतं.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो मी कुणालाही बिनदिक्कत सांगेन. माणसावर आलेलं वाक्य प्रश्न विचारून कामावर ढकला. सासूबाई म्हणाल्या, "तुला नाही हो जमायचं हे," तर शांतपणे विचारा, "आई, कडबोळी कडक झालीत का? मोहन कमी पडलं का?" आवाजात भांडण नको, खरोखर जाणून घ्यायचं आहे असा सूर हवा. बऱ्याचदा समोरच्याकडे उत्तर असतं आणि ते चांगलं असतं. फक्त बोलायची सवय तशी असते. "हो, मोहन अजून चमचाभर हवं होतं" हे कळलं की ते वहीत लिहायचं. उत्तरच आलं नाही, "ते मला काय माहीत, पण नाही जमायचं" एवढंच आलं, तर वहीत लिहिण्यासारखं काही मिळालं नाही, इतकंच. वहीत फक्त कामाविषयीची वाक्यं लिहायची, हा नियम कडक ठेवा. महिन्याने ती वही उघडाल तेव्हा तुमच्याकडे कृती असेल. टोमण्यांची यादी जपून कोणाचं भलं झालेलं नाही.

घरच्यांचा विरोध हा मात्र वेगळा विषय आहे आणि तिथे जरा थांबायला हवं. तो बहुतेक वेळा तुमच्या कुवतीबद्दल नसतो. लालबाग-परळच्या अनेक घरांत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची आठवण अजून आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते, आणि कितीतरी घरांतला नियमित पगार तेव्हा थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. ज्या वडिलांनी लहानपणी ते पाहिलं, ते मुलाला "नोकरी सोडून धंदा कसला करतोस, तुला व्यवहार कळत नाही" म्हणतात तेव्हा त्यांच्या तोंडून भीती बोलत असते. "व्यवहार कळत नाही" हे त्या भीतीला सापडलेलं वाक्य. अशा वेळी "माझ्यावर विश्वास ठेवा ना बाबा" म्हणून फारसं काही होत नाही. भीतीला उत्तर आकड्यांनी द्यावं लागतं: नोकरी तूर्त सोडणार नाही, शनिवार-रविवार काम करीन, अमुक इतक्याच रकमेपर्यंत पैसे घालीन, घराच्या हप्त्याला हात लावणार नाही. हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. त्यांचा विरोध मावळेलच असं नाही. पण वाद तुमच्या लायकीवरून पैशांवर येतो, आणि तिथे तो असायलाच हवा.

आधी कुणाला दाखवायचं

दादासाहेब फाळके यांची हकिकत या बाबतीत मला फार शिकवणारी वाटते. १९११ मध्ये गिरगावात एक विदेशी चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या देवादिकांच्या कथा अशा पडद्यावर आणायच्या. वय चाळिशीचं, हाती पैसा नाही, आणि असं काही केलेलं माणूस आसपास कोणी नाही. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. तिथे 'बायोस्कोप' या चित्रपट साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना भेटले. केबर्न यांनी त्यांना या फंदात पडू नका असंच सांगितलं: इंग्लंडमधल्या निर्मात्यांचेही हात पोळलेत, शिवाय हिंदुस्थानची हवा याला मानवणार नाही. नाउमेद करणारंच बोलणं. पण ते धंदा जाणणाऱ्याचं होतं, कारणं देऊन केलेलं होतं, आणि फाळक्यांची तळमळ पाहिल्यावर त्याच केबर्न यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. तंत्र त्यांनी तिथे पाहून घेतलं.

परत आल्यावर त्यांनी काय केलं हे खरं महत्त्वाचं. लगेच मोठा चित्रपट करायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून रोप होईपर्यंत थोड्या थोड्या अवधीने ते चित्रित केलं. पडद्यावर झरझर वाढणारं ते रोप, मिनिटभराचं चित्रण, त्यांनी मोजक्या लोकांना दाखवलं. त्यावर भांडवल उभं राहिलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकायला दिले आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं मिसळण्यापर्यंत कामही केलं. मग दादरला 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. तोही आधी २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि नंतर ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला.

हा क्रम पाहा. आधी स्वतःला आणि मूठभरांना पटेल एवढा छोटा पुरावा, मग निमंत्रित, मग गाव. प्रत्येक पायरीवर टीका ऐकायला माणूस थोडा जास्त तयार असतो, कारण आदल्या पायरीवरचं काहीतरी त्याच्या हातात असतं. आपण आज बरोबर उलटं करतो. पहिला घाणा झाला की लगेच फोटो, लगेच स्टेटस, आणि तीनशे लोकांना एकदम मत द्यायचं आमंत्रण. त्या तीनशेतल्या बहुतेकांना चकलीतलं काही कळत नाही, पण मत प्रत्येकाकडे असतं. छोटी सुरुवात छोट्याच लोकांत ठेवणं याला पळपुटेपणा समजू नका.

मग घरात जागा नसेल तर हा आडोसा आणायचा कुठून? शोधला तर हे शहर तो देतं. वाचनालयाची अभ्यासिका, शिवाजी पार्कचा कट्टा, मैत्रिणीचं दुपारी रिकामं असलेलं स्वयंपाकघर, शाळा सुटल्यावरचा एखादा वर्ग. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं रुजली. थोड्या प्रेक्षकांसमोर, बेताच्या सोयींत तिथे नव्या लोकांना चुका करता आल्या. मोठ्या नाट्यगृहाच्या गल्ल्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर नव्हतं.

लोकलमधली भजनी मंडळं हे मला याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण वाटतं. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात रोज तीच माणसं. नवा माणूस पहिल्या दिवशी अभंग उचलत नाही. तो टाळ धरतो, मागे झील देतो. त्याचा सूर चुकला तर बाकीच्यांच्या आवाजात झाकला जातो. काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, "काका, आज हा तुम्ही घ्या." तोवर त्याने आपल्यासारखेच कारकून, फिटर, शिपाई गाताना रोज पाहिलेले असतात. बंडुरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट ती हीच: आपल्यातल्याच कुणाला जमताना पाहणं. रियाजी गवयाला ऐकून "वा" वाटतं, पण "मलाही जमेल" हे शेजारच्या फिटरला ऐकून वाटतं. म्हणून नवं काही घेताना त्याच वाटेवर वर्ष-दोन वर्षं पुढे असलेली दोन-तीन माणसं शोधा. टीका मागायची तर आधी त्यांच्याकडे. वाटेतले खड्डे त्यांना अजून आठवत असतात.

"निंदकाचे घर असावे शेजारी" ही म्हण आपण ऐकत आलो आहोत आणि ती मला मान्य आहे. एक मात्र विसरू नये: घर शेजारी असावं म्हटलंय, पहिल्या दिवसापासून त्याला ओट्यापाशी उभं करा असं म्हटलेलं नाही.

लोक आपल्याकडे पाहत आहेत ही भावनाही खरी असते त्यापेक्षा मोठी वाटते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पावहिश्श्याच्या लक्षात आलं होतं. तुमची फसलेली चकली सोसायटीत दोन दिवस गाजेल, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरचा विषय येईल.

छातीतल्या धडधडीबद्दलही थोडंसं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की लोकांसमोर गाण्याआधी किंवा बोलण्याआधी "मी शांत आहे" असं स्वतःला समजावण्यापेक्षा "मला उत्सुकता वाटतेय" असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली होते. धडधड दोन्हींत सारखीच असते. तिला भीती समजायचं की हुरूप, एवढंच बदलतं. मात्र बोलणी ऐकून आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न राहिलेला नाही. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तिथे फोन करावा.

आणि हा आडोसा कायमचा ठेवायचा नाही. बंडुरांनीच सांगितलं आहे की ज्याला फक्त सोपं यश मिळत गेलं, तो पहिल्या खऱ्या धक्क्याला कोलमडतो. आचरेकर सरांनीही मुलाला नेटमध्येच ठेवलं नव्हतं, मैदानामागून मैदान फिरवलं. घरच्या चार माणसांना चकली आवडली, दोन मैत्रिणींनी मागून नेली, की अनोळखी माणसाला विकायची वेळ झाली असं समजा. तिथून नियम बदलतात. ज्याने पैसे मोजलेत त्याला तक्रारीचा पूर्ण हक्क आहे, मग त्याचा सूर कसाही असो. "ताई, अर्धा किलो सांगितलं होतं, चारशे ग्रॅमच भरलं" याच्यापासून स्वतःला वाचवायचं नसतं, वजनकाटा तपासायचा असतो. "तेल खवट लागतंय" म्हटलं तर तो घाणा परत घ्यायचा. विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा असं कोणी सुचवलं तर तो टोमणा नाही, ते करायलाच हवं. पहिली अशी तक्रार येईल त्या दिवशी पोटात गोळा येईल. त्या दिवशी पैसे परत करा, काय चुकलं ते वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरीची भाजणी मोजून ठेवा.